आपलं आपण बरं होणारं यंत्र

टीव्हीचं चित्र गोठलं, मोबाइल अडकला, वायफाय गेलं की घरातला दहावीतला मुलगा पुस्तकातून डोकंही वर न काढता एकच सल्ला देतो, 'बंद करून परत चालू करा ना!' आणि खरोखरच नव्वद टक्के वेळा ते यंत्र सुरळीत चालायला लागतं. आई विचारते, 'अरे, पण झालं होतं काय त्याला?' याचं उत्तर मुलाकडे नसतं, दुकानदाराकडे नसतं आणि बहुतेक वेळा कंपनीच्या इंजिनिअरकडेही नसतं.

झालेलं असतं ते एवढंच, की चालता चालता प्रोग्राम एखाद्या चुकीच्या अवस्थेत जाऊन पोहोचलेला असतो. कुठली तरी जागा भरलेली असते, कुठलं तरी काम दुसऱ्या कुठल्या कामाची वाट पाहत ताटकळलेलं असतं. यंत्र बंद केलं की पाटी पुसली जाते आणि हिशोब पहिल्या ओळीपासून सुरू होतो. चूक दुरुस्त होत नाही, ती फक्त मागे टाकली जाते. तीच परिस्थिती पुन्हा आली की यंत्र पुन्हा अडकतं.

मग हे बटण दाबायला माणूस कशाला हवा? यंत्रानंच ते दाबलं तर? सॉफ्टवेअरच्या जगात 'स्वतःला सांभाळणाऱ्या' यंत्रणांचा जो मोठा शोध चालू आहे, त्याची पहिली पायरी इतकी साधी आहे. तुमच्या घरच्या वॉशिंग मशीनसारख्या यंत्रांतसुद्धा ती असते. तिला म्हणतात वॉचडॉग, म्हणजे राखणदार कुत्रा. हे एक छोटंसं घड्याळ असतं. मुख्य प्रोग्रामनं ठराविक वेळानं येऊन या कुत्र्याच्या डोक्यावर थोपटायचं, 'मी जागा आहे बरं का' असं सांगायचं. थोपटणं चुकलं की धनी बेशुद्ध पडला असं समजून कुत्रा यंत्र बंद करून पुन्हा चालू करतो.

या कुत्र्याची सर्वांत गाजलेली कामगिरी मंगळावरची. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचं 'पाथफाइंडर' यान मंगळावर उतरलं. सुरुवातीचे फोटो आले, जगभर कौतुक झालं आणि थोड्याच दिवसांत यानाचा कॉम्प्युटर मधूनच बंद पडून आपला आपण चालू व्हायला लागला. दर वेळी त्या दिवसाचं काही काम वाया जाई.

कारण सापडलं ते मोठं मजेशीर होतं आणि एकत्र कुटुंबात वाढलेल्याला चटकन कळेल असं होतं. समजा, कपाटाची किल्ली धाकट्या सुनेच्या हातात आहे. सासूबाई कपाटापाशी उभ्या आहेत. मान त्यांचा पहिला, पण किल्ली नाही म्हणून त्या ताटकळल्या आहेत. इतक्यात मधल्या जाऊबाई येतात आणि धाकटीला दुसऱ्याच कामाला पिटाळतात. त्यांना किल्लीशी देणंघेणं नाही, पण धाकटीपेक्षा त्यांचा हुकूम मोठा. धाकटी गेली, किल्ली तिच्यासोबत गेली आणि घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाचं काम सर्वांत मागे पडलं! पाथफाइंडरवर तीन कामांचं नेमकं हेच झालं होतं. सर्वांत महत्त्वाचं काम वेळेत झालं नाही म्हणून राखणदारानं दर वेळी सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. इंजिनिअरांनी पृथ्वीवर यानाची प्रतिकृती चालवून दोष पकडला आणि छोटासा बदल यानाला पाठवून दिला. थोडक्यात, कुत्र्यानं रुग्णाला जिवंत ठेवलं. रोग बरा केला तो माणसांनी.

'जिवंत ठेवणं' आणि 'बरं करणं' यांतला हा फरक लक्षात ठेवायला हवा. पुढची सगळी भानगड त्याचीच आहे.

कॉम्प्युटर जन्मायच्या कितीतरी आधी रेल्वेनं या प्रश्नाचं एक उत्तर शोधून ठेवलं होतं. नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी राजनांदगाव सोडून दुर्गच्या दिशेनं निघाली की वाटेत रसमडा नावाचं एक लहानसं स्थानक लागतं. पुढे दुर्ग आणि मग भिलाईचा पोलाद कारखाना. मोठ्या गाड्यांमधल्या प्रवाशांना बहुधा या स्थानकाची पाटीही वाचता येत नाही. पण असल्या छोट्या छोट्या स्थानकांवरचे सिग्नल हेच हावडा-मुंबई मार्गाचे खरे डोळे आहेत.

सिग्नलच्या मागचं तत्त्व विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसानं १८७२ साली पेटंट करून ठेवलं. रुळांमधून बारीकसा वीजप्रवाह सोडायचा. तो पलीकडे पोहोचतोय तोवर वाट मोकळी. गाडीची चाकं रुळांवर आली की प्रवाह चाकांतूनच वळतो, पलीकडे पोहोचत नाही आणि सिग्नल लाल होतो. इथपर्यंत ठीक. पण खरी अक्कल पुढे आहे. रूळ तुटला तर? प्रवाह थांबतो, सिग्नल लाल. तार तुटली? लाल. बॅटरी संपली? लाल. यंत्रणा बिघडली की ती आपोआप सावधपणाच्या बाजूला कोसळते. तिला दुरुस्ती येत नाही, पण 'मला कळत नाही, तेव्हा थांबा' एवढं सांगता येतं. पुष्कळ माणसांना हे आयुष्यभर जमत नाही.

आताच्या काही सिग्नल यंत्रणांमध्ये एकच हिशोब तीन कॉम्प्युटर करतात. तिघांपैकी दोघांचं एकमत झालं तरच हुकूम निघतो. एकटा पडलेला तिसरा बाजूला काढला जातो आणि गाड्या चालू राहतात. म्हणजे नुसतं थांबण्याच्या पुढे एक पाऊल.

अर्थात एवढी तटबंदीही पुरत नाही, हे २ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजार इथे दिसलं. कोरोमंडल एक्स्प्रेस मेन लाइनऐवजी लूप लाइनवर गेली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत ठपका आला तो सिग्नलच्या सर्किटमध्ये केलेल्या फेरफारांवर, म्हणजे दुरुस्तीच्या कामावर. वायरी नीट तपासल्याविना जोडल्या गेल्या होत्या आणि यंत्रणेला जे सांगितलं गेलं तेच तिनं खरं मानलं. यंत्र बिघडलं तर लाल होतं. पण चुकीचं 'बरं' केलेलं यंत्र हिरवं दाखवतं!

रेल्वेची एक सोय आहे. गाडी थांबली की ती बहुतेक वेळा सुरक्षित असते. विमानाला आकाशात थांबता येत नाही. ऑपरेशन चालू असताना रुग्णाला श्वास देणाऱ्या यंत्राला 'मला कळत नाही, थांबते' म्हणता येत नाही. आणि चंद्रावर उतरणाऱ्या यानाला तर मुळीच नाही.

२० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरत असताना यानाच्या कॉम्प्युटरनं '१२०२' असा इशारा दिला. तो कशाचा, ते दोघांनाही आठवेना. ज्या रडारची त्या क्षणी गरज नव्हती, ते कॉम्प्युटरचा वेळ खात होतं आणि कामाचा ढीग साचत होता. मार्गारेट हॅमिल्टन यांच्या नेतृत्वाखाली एमआयटीच्या प्रयोगशाळेत लिहिलेल्या त्या प्रोग्रामनं अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं होतं. सगळं टाकून द्यायचं, क्षणात नव्यानं सुरू व्हायचं आणि उतरण्यासाठी अत्यावश्यक तेवढीच कामं हातात घ्यायची. दिवाळीच्या आदल्या दिवशी घरात पाहुणे आले की आई कसं करते? फराळाची चकली राहू दे, आधी भाताचा कुकर लाव. नेमकं तेच. कॉम्प्युटर अनेकदा असा नव्यानं सुरू झाला आणि यान सुखरूप उतरलं.

आपल्याकडचं उदाहरण आपण सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून पाहिलं आहे. ७ सप्टेंबर २०१९ च्या मध्यरात्रीनंतर चांद्रयान-२ चं 'विक्रम' लँडर कोसळलं. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०२३ मध्ये त्याची कारणं उघडपणे सांगितली. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, चुका साचत गेल्या, त्या भरून काढायला यानाला झपाट्यानं वळायचं होतं, पण किती वेगानं वळायचं यावर प्रोग्रामनं मर्यादा घातलेली होती. त्यातून उतरायची जागा ठरवलेली, जेमतेम ५०० मीटर लांब आणि ५०० मीटर रुंद. थोडक्यात, सगळं ठरल्याप्रमाणे होईल असं धरूनच बरंचसं लिहिलेलं होतं.

चांद्रयान-३ ची आखणी उलट बाजूनं झाली. काय काय बिघडू शकेल, याची यादी आधी. एखादा सेन्सर गेला तर, एखादं इंजिन गेलं तर, हिशोब चुकला तर... आणि यातल्या प्रत्येक 'तर'ला प्रोग्रामपाशी तयार उत्तर. इंधन वाढवलं, पाय मजबूत केले, उतरायची जागा ४ किलोमीटर लांब आणि सुमारे अडीच किलोमीटर रुंद धरली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी यान उतरलं, तेव्हा शेवटची जवळजवळ वीस मिनिटं बंगळुरूहून कुणीही ते चालवत नव्हतं. तिथली सगळी हुशार मंडळी आपल्यासारखीच पडद्याकडे पाहत बसली होती!

पण हे झालं आधीच कल्पना केलेल्या संकटांचं. कल्पनाही न केलेल्या बिघाडाचं काय? तिथे खरा प्रश्न सुरू होतो.

२००१ साली आयबीएम कंपनीचे संशोधनप्रमुख पॉल हॉर्न यांनी एक उपमा दिली. आपलं हृदय मिनिटाला किती वेळा धडधडावं हे आपण ठरवत नाही. उकाडा झाला की घाम येतो, जिना चढलो की श्वास वाढतो, बोट कापलं की रक्त गोठतं. मेंदूला विचारावंही लागत नाही. शरीराची ही स्वायत्त व्यवस्था आहे म्हणून आपलं डोकं मुलांच्या फीचा विचार करायला मोकळं राहतं. मग कॉम्प्युटरच्या प्रचंड जाळ्यांना अशी व्यवस्था का असू नये? हॉर्न यांची चिंता व्यवहारी होती. ही जाळी इतकी गुंतागुंतीची होत चालली आहेत, की त्यांची देखभाल करायला पुरेशी माणसंच मिळणार नाहीत. त्यांच्या सहकाऱ्यांनी मग त्याचा आराखडाही मांडला. यंत्रणेनं सतत स्वतःकडे पाहावं, काय बिनसलं ते ओळखावं, उपाय ठरवावा, तो करावा आणि परत पाहावं. आजीबाईचा बटवा आणि तापाचा तक्ता एकाच हातात.

या विचाराचा एक मोठा धागा पुण्यात हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत विणला गेला. तिथे टाटांची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था १९८१ मध्ये सुरू झाली. फकीरचंद कोहली यांची दूरदृष्टी आणि प्रा. ई. सी. सुब्बाराव यांची उभारणी. पुढे टेक्सास विद्यापीठातली प्राध्यापकी केलेले हॅरिक विन तिथे आले. त्यांच्या चमूच्या कामातून २०१५ साली टीसीएसनं 'इग्निओ' नावाची प्रणाली बाजारात आणली. मोठ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटर जाळ्यात कोणतं यंत्र कशावर अवलंबून आहे याचा नकाशा ती स्वतः बनवते, नेहमीचं वागणं कसं असतं ते शिकते आणि काही वेगळं घडलं की कारण शोधून शक्य तिथे दुरुस्तीही करते.

याचा अर्थ काय, ते पुण्यातल्या कितीतरी घरांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. हिंजवडी, खराडी, हडपसरच्या कंपन्यांतली हजारो मुलंमुली अमेरिका-युरोपातल्या बँकांच्या, दुकानांच्या, विमा कंपन्यांच्या यंत्रणा रात्रभर सांभाळतात. पहाटे अडीचला फोन वाजतो. कुठे तरी डिस्क भरली, कुठे रात्रीचा हिशोब अर्ध्यात अडकला. मुलगा डोळे चोळत लॅपटॉप उघडतो, ठरलेल्या चार गोष्टी करतो, नोंद लिहितो, परत झोपतो. असल्या तक्रारींत पुन्हा पुन्हा त्याच त्याच येणाऱ्यांची संख्या फार मोठी. त्या यंत्रानं परस्पर निस्तरल्या तर मुलाला झोप मिळेल, हे आईला पटतं. पण नोकरीही जाईल का, हे वडील विचारतात. दोघांचंही बरोबर आहे.

आणि तिसरी एक गोष्ट आहे, जी दोघांच्याही लक्षात येत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी ती १९८३ मध्येच लिहून ठेवली. सोपी कामं यंत्राला दिली की माणसाच्या वाट्याला फक्त अवघड कामं उरतात, आणि ती करण्याचा हात ज्या सोप्या कामांवर बसायचा तीच आता त्याच्याकडे नसतात. ज्या मुलानं पहाटे अडीचची शंभर छोटी दुखणी हाताळली नाहीत, त्याला एके दिवशी मोठा आजार आणून दाखवला तर तो नाडी कुठे धरणार? डॉक्टरला कधी थंडीताप न दाखवता थेट ऑपरेशनला उभं करण्यासारखंच हे झालं. कंपन्या नोकऱ्यांचे आकडे मोजतात, या नुकसानीचा आकडा मात्र कुणी मांडत नाही.

बरं, यंत्राला 'बरं होणं' म्हणजे काय हे तरी कळतं का? इथे एक गंमत सांगितलीच पाहिजे. २००९ साली अमेरिकेतल्या वेस्टली वाइमर, स्टेफनी फॉरेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोग्राममधल्या चुका आपोआप दुरुस्त करणारी एक पद्धत मांडली. निसर्गात जशी उत्क्रांती होते तशी. प्रोग्राममध्ये छोटे छोटे बदल करत जायचे, परीक्षेत जास्त मार्क मिळवणारे वाण ठेवायचे, बाकीचे टाकायचे. पद्धत खरोखरच उपयोगी ठरली. पण एकदा तिला आकडे चढत्या क्रमानं लावणारा एक बिघडलेला प्रोग्राम दुरुस्त करायला दिला. परीक्षेचा नियम होता, उत्तरातले आकडे क्रमानं हवेत. यंत्रानं प्रोग्राम असा 'दुरुस्त' केला, की तो नेहमी कोरी यादीच देऊ लागला. कोऱ्या यादीत चुकीच्या क्रमाचा आकडा कुठला? पैकीच्या पैकी मार्क! दुसऱ्या एका वेळी तर यंत्रानं बरोबर उत्तरांची फाइलच पुसून टाकली. कॉपी करणाऱ्या पोरांनाही इतकं सुचत नाही.

यात हसण्यासारखं आहे, पण प्रत्येक वेळी नाही. बोइंग ७३७ मॅक्स विमानात 'एमकॅस' नावाचा प्रोग्राम होता. विमानाचं नाक फार वर गेलं असं वाटलं की ते आपोआप खाली दाबायचं, म्हणजे चूक स्वतः सुधारायची. पण नाक वर आहे की नाही हे तो एकाच सेन्सरला विचारत होता. सेन्सर बिघडला आणि प्रोग्राम नसलेली चूक सुधारत राहिला. वैमानिक नाक वर ओढत, तो पुन्हा खाली दाबी. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात मिळून ३४६ माणसं गेली. असा काही प्रोग्राम विमानात आहे हे वैमानिकांच्या पुस्तकात पहिल्या अपघातापूर्वी लिहिलेलंच नव्हतं. सगळ्यात जास्त चीड येते ती याची. घरातला माणूस आपल्याला न सांगता आपल्या औषधात दुसरं औषध मिसळतो आहे, हे कळल्यावर जसं वाटेल तसं.

सुदैवानं ज्यात कुणी दगावलं नाही असंही एक उदाहरण आहे, आणि त्या रात्री आपल्यापैकी बहुतेकांनी मोबाइल दोन-चारदा बंद करून चालू केला असेल. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊनंतर व्हॉट्सअॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळंच गेलं. झालं असं, की देखभालीच्या वेळी दिलेल्या एका हुकुमानं फेसबुकची आतली मुख्य जोडणीच तुटली. असा हुकूम अडवण्यासाठी एक तपासनीस प्रोग्राम होता, पण त्यातच चूक होती. आता पुढचं पाहा. जगाला फेसबुकचा पत्ता सांगणारे कॉम्प्युटर ठिकठिकाणी ठेवलेले होते. त्यांना शिकवलेलं होतं, की मुख्य केंद्राशी बोलणं होत नसेल तर तुमच्यातच काही बिघडलं आहे असं समजा आणि स्वतःहून बाजूला व्हा. नियम शहाणपणाचा. एखाददुसरा आजारी पडला तर त्यानं रांगेतून बाजूला होणंच चांगलं. पण त्या रात्री केंद्रच तुटलं होतं, त्यामुळे सगळ्यांनीच एकाच वेळी स्वतःला आजारी ठरवलं आणि सगळेच बाजूला झाले. फेसबुक जगाच्या नकाशावरून सुमारे सहा तास पुसलं गेलं. दुरुस्तीला निघालेल्या इंजिनिअरांची नेहमीची साधनंही त्याच जाळ्यावर चालणारी, त्यामुळे ती ठप्प. शेवटी माणसं प्रत्यक्ष यंत्रांपाशी पाठवावी लागली.

फेसबुकच्याच मंडळींनी २०१८ मध्ये 'सॅपफिक्स' नावाचं साधन केलं होतं. चूक सापडली की ते दुरुस्ती सुचवतं. पण सुचवतंच. ती घ्यायची की नाही, हे इंजिनिअर पाहून ठरवतो. डॉक्टरच्या सहीशिवाय औषध न देणाऱ्या जुन्या वळणाच्या केमिस्टसारखं. पण सही करायला एक माणूस आणि सुचवायला यंत्र, असा जमाना आला की सहीच्या आधी वाचायला वेळ किती मिळणार? बँकेत गर्दीच्या वेळी फॉर्मवर आपण कुठे कुठे सह्या करून येतो, ते आठवा.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं रोजच्यासारखी एक छोटी सुधारणा जगभरच्या कॉम्प्युटरांना आपोआप पाठवली. तिच्यात दोष होता. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर कोसळले. कोसळल्यावर ते शिकवल्याप्रमाणे आपले आपण परत सुरू झाले, तीच सदोष सुधारणा पुन्हा वाचली, पुन्हा कोसळले, पुन्हा सुरू झाले. कंपनीनं दीड तासाच्या आत सुधारणा मागे घेतली, पण आवर्तनात अडकलेल्या यंत्रांना ते कळणार कसं? बहुतेकांपाशी एकेक माणूस जाऊन बसला, कीबोर्डवरून ती फाइल काढून टाकली आणि पुढच्या यंत्राकडे गेला. काही ठिकाणी हे अनेक दिवस चाललं. तोवर भारतातल्या विमानतळांवर काउंटरवरचे कर्मचारी प्रवाशाचं नाव, विमानाचा नंबर आणि सीट बॉलपेननं लिहून बोर्डिंग पास देत होते. त्याचे फोटो नंतर जगभर फिरले.